प्रार्थना नकोशी होते तेव्हा: थकलेल्या मनाने विश्वासात टिकून राहण्याची वाट

मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) निघताना पाय जड होतात. जपमाळ हातात घेतली तर दुसऱ्या रहस्यापर्यंत मन कुठल्या कुठे गेलेले असते. पवित्र शास्त्र उघडावे तर ओळी डोळ्यांखालून जातात, आत काही उतरत नाही. पूर्वी ज्या गीताने गळा दाटून यायचा ते आता नुसते कानावर पडते. असे काही आठवडे गेले की माणूस स्वतःशीच म्हणू लागतो, ‘माझा विश्वासच उडाला बहुतेक.’ बऱ्याचदा तसे झालेले नसते. माणूस थकलेला असतो, आणि थकव्यात काढलेले निष्कर्ष फारच क्वचित खरे ठरतात. अशा काळात काय करायचे आणि काय टाळायचे याचे बारीक ज्ञान ख्रिस्तसभेकडे शेकडो वर्षांपासून आहे. दुःख एवढेच की ‘प्रार्थना करत राहा, सगळे ठीक होईल’ एवढे बोलून थकलेल्या माणसाची बोळवण केली जाते. कशी करत राहायची, किती करायची, हे कोणी सांगत नाही. इथे तेच सांगायचे आहे.

लेख प्रामुख्याने गोव्यात राहणाऱ्या मराठी भाषक कॅथलिक वाचकांसाठी आहे: सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर, वसईकडून कामधंद्यासाठी येऊन म्हापसा, फोंडा, वास्को, मडगावात स्थिरावलेली कुटुंबे, आणि अर्थात इथलेच मराठी वाचणारे. इतर मंडळ्यांतल्या वाचकांनी मिस्सेच्या जागी रविवारची उपासना आणि फादरांच्या जागी आपले पाळक धरावेत. बाकीचे जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते.

आधी अंगाची चौकशी करा

१ राजे, अध्याय १९ शांतपणे वाचा. या विषयावर पवित्र शास्त्रात याहून उपयोगी पान नाही. कर्मेल डोंगरावर बआल देवाच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या एका धमकीने पळत सुटतो. बैर-शेब्याला आपल्या चाकराला मागे सोडतो, एकटाच दिवसभराची वाट चालून रानात जातो, झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. त्यावर देव काय करतो ते पाहा. उपदेश नाही, कानउघाडणी नाही. एलीयाला झोप लागते. देवदूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो: खा, पुढची वाट तुला झेपणारी नाही. दोन झोपा आणि दोन जेवणे झाल्यावरच होरेब डोंगराकडचा चाळीस दिवसांचा प्रवास सुरू होतो, आणि देवाचा मंद आवाज त्याला ऐकू येतो तो त्यानंतर.

क्रम असा आहे, आणि आपण तो उलटा करतो. आधी मोठी आध्यात्मिक झेप घ्यायला बघतो, झोप-जेवण मागाहून. म्हणून पहिले चौदा दिवस एवढेच करा: रोज किमान सात तास झोप, दोन वेळचे बसून जेवण, आणि अर्धा तास उघड्यावर चालणे. मोबाइल झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवा. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांत डिसेंबरभर डबल शिफ्ट केलेल्या माणसाला जानेवारीत प्रार्थना कोरडी वाटली, तर त्यात आत्म्याचा दोष शोधत बसू नये. त्याचे शरीर विश्रांतीची थकबाकी मागत असते.

याच पंधरवड्यात डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड मंदावला की माणूस सुस्त, उदास आणि विसराळू होतो, आणि ही लक्षणे हुबेहूब ‘आत्मिक थंडपणा’सारखी दिसतात. नैराश्याची खूण वेगळी ओळखता येते: दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ दररोज उदास वाटणे, कशातच गोडी न उरणे (फक्त प्रार्थनेतली नव्हे, खाण्यातली, मुलांशी खेळण्यातलीही), झोप उडणे किंवा अति येणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे. अशा वेळी मानसोपचार घेणे हा विश्वासाचा अभाव मुळीच नव्हे. बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत मिळते. जीव द्यावासा वाटत असेल तर हा लेख इथेच थांबवा, आधी जवळच्या माणसाला हाक मारा आणि तो क्रमांक फिरवा.

मग थकवा कुठून येतो ते पाहा

शरीर ठीक असूनही कोरडेपणा राहिला, तर एका संध्याकाळी कागद घेऊन तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. मनात नका, कागदावर.

पहिला: माझ्या डोक्यावर चर्चची कामे किती आहेत? गायकवृंद, धर्मशिक्षणाचा वर्ग, लहान ख्रिस्ती समुदायाची बैठक, फेस्ताची (चर्चच्या सणाची) समिती, नोवेनांची (नऊ दिवसांच्या प्रार्थनांची) जुळवाजुळव. गोव्यातल्या गावांत कामसू माणसाच्या गळ्यात एकामागून एक सगळे पडते. जो वेदीच्या सर्वांत जवळ वावरतो तोच आतून रिकामा होतो, हे फार वेळा दिसते, कारण मिस्सेच्या वेळी तो प्रार्थना करत नसतो, माइक चालू आहे की नाही ते पाहत असतो.

दुसरा: कोणावर राग धरला आहे का, किंवा अशी काही सवय आहे का जी देवापुढे उघड करायची मी टाळतो आहे? दुखावले गेलेले मन प्रार्थनेला बसले की तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चघळते आणि माणसाला वाटते की प्रार्थना जमत नाही. जमत नाही ती क्षमा. दुखावणारा चर्चमधलाच कोणी असेल तर हे जास्तच खोल जाते. अशा वेळी काही महिने शेजारच्या गावच्या इगर्जीत (चर्चमध्ये) मिस्सेला जाणे हा पळपुटेपणा नाही. आणि झालेला प्रकार अन्यायाचा किंवा अत्याचाराचा असेल तर क्षमेच्या नावाखाली तो झाकू नका. तक्रार करणे आणि क्षमा करणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात.

तिसरा: कोरडेपणा कधी सुरू झाला, आणि त्याच्या आधीच्या महिन्यात काय घडले? मृत्यू, बाळंतपण, बदली, जहाजावर किंवा आखातात गेलेला नवरा, घरातले आजारपण. पुष्कळदा उत्तर तारखेतच सापडते.

तिन्ही प्रश्नांत काही हाती लागले नाही, तर हा थकवा देवानेच आणू दिलेला कोरडा काळ असू शकतो. त्याबद्दल पुढे येईलच.

या काळात मोठे निर्णय घेऊ नका

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेसाठी जे नियम लिहून ठेवले त्यांतला पाचवा नियम साधा आणि कठोर आहे: मन उजाड असताना आधीचा ठराव बदलायचा नाही. उजेडात असताना जे ठरवले होते त्याला अंधारात चिकटून राहायचे. त्यांचेच सोबती संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्याच्या बंदरात उतरले, तेव्हा ही शिकवण आपल्या मातीत चांगली जुनी आहे.

नियम पाळायचा कसा? ‘मिस्सेला जाणे बंद’, ‘संप्रदाय सोडतो’, ‘धर्मशिक्षणाचा वर्ग आजपासून सोडला’, ‘मठात प्रवेश घेतो’ असा कुठलाही ठराव मनात आला, की त्यावर आजची तारीख घालून सहा आठवडे बाजूला ठेवा. भारावून जाऊन घेतलेल्या निर्णयांनाही हेच लागू आहे. थकलेला माणूस अचानक चाळीस दिवसांचा उपवासही बोलून बसतो.

इथे एक फरक सांभाळायला हवा, आणि तो न कळल्यामुळे चांगली माणसे मोडतात. ठराव मोडणे वेगळे आणि ओझे हलके करणे वेगळे. पाच सेवांपैकी तीन सेवा दोन महिन्यांसाठी दुसऱ्याकडे सोपवणे यात ठराव मोडत नाही. मात्र ते नीट करा: फादरांना भेटा, ‘ईस्टरपर्यंत मला सुट्टी द्या’ असे तारखेसकट सांगा, आणि वही-किल्ल्या दुसऱ्याच्या हाती द्या. न सांगता गळून पडलात तर मागे कुजबुज होते, मग लाज वाटते, आणि लाजेपोटी माणूस मिस्सेलाही यायचा थांबतो. ठेवायची कोणती सेवा? ज्यात माणसांशी प्रत्यक्ष संबंध येतो आणि बैठका कमीत कमी असतात ती. आजाऱ्यांना भेटणे ठेवा, समिती सोडा.

प्रार्थना लहान करा, पण तोडू नका

थकलेला माणूस सहसा दोन टोकांपैकी एक गाठतो. एक तर सगळे सोडतो, नाही तर अपराधी वाटून दुप्पट करू पाहतो आणि आठवड्यात कोसळतो. तुमची चांगल्या दिवसांतली प्रार्थना तासाभराची असेल तर आता दहा-बारा मिनिटांवर आणा. अट एकच: ती दहा-बारा मिनिटे रोज, ठरलेल्या जागी, मन लागो वा न लागो. ठरलेल्या वेळेच्या मात्र एक मिनिटही आधी उठायचे नाही. इग्नेशियस तर उलट सांगत: उजाड वाटेल त्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा किंचित जास्तच बसा, म्हणजे मनाला कळते की कंटाळ्याने इथे सुटका होत नाही. दहाच्या जागी अकरा मिनिटे, एवढे पुरे.

सकाळी, चूळ भरल्यावर आणि चहाच्या आधी, तीन मिनिटे. उभे राहा, सावकाश क्रूसाची खूण करा. कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटे खरोखर टेकू द्या. घाईत माशी हाकल्यासारखा हात फिरवू नका. प्रभूची प्रार्थना एकेका ओळीला श्वास घेत म्हणा. मग दिवसातले सर्वांत अवघड काम एका वाक्यात देवाला सांगा. संपले.

दुपारी कामाच्या जागी काही बसून करायचे नाही. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही पूर्वेकडच्या ख्रिस्ती साधूंची प्राचीन प्रार्थना श्वासाबरोबर दहा वेळा. बसमध्ये, भांडी घासताना, बिलाच्या रांगेत, कुठेही जमते.

रात्री पाच ते सात मिनिटे. उशिरा घरी येणाऱ्याने जेवणाआधीच उरकावे. जेवल्यावर डोळे मिटतात. खाटेच्या कडेला बसा, दोन्ही पाय जमिनीवर. जपमाळेचे एकच दशक: एक प्रभूची प्रार्थना, दहा नमो मरिया, एक गौरव. याला साडेतीन-चार मिनिटे लागतात. पाचही दशके हवीत हा हट्ट सध्या सोडा. मन भरकटले तर पहिल्या मण्यावर परत जाऊ नका, जिथे बोट आहे तिथूनच पुढे चला. मणी एकेक करून बोटांखालून सरकतात एवढीच प्रार्थना काही रात्री होईल, आणि ती देवापर्यंत पोचते. रोमकरांस पत्र ८:२६ मध्ये पौल म्हणतो की आपल्याला प्रार्थना कशी करावी ते कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच शब्दांवाचून आपली बाजू मांडतो. त्यानंतर दोन प्रश्न: आज कुठे जिवाला थोडे बरे वाटले? कुठे जीव कासावीस झाला? पहिल्यासाठी आभार, दुसऱ्यासाठी मदत. मग स्तोत्र ४ चे शेवटचे वचन म्हणून दिवा मालवा. स्वस्थपणे पडून झोपण्याबद्दलचे ते वचन याच वेळेसाठी आहे.

पवित्र शास्त्राचे वाचन सध्या वर्षभराच्या वेळापत्रकाने करू नका. तशा वेळापत्रकात मागे पडलेला माणूस लेवीयच्या पुस्तकात अडकून बसतो. मार्कचे शुभवर्तमान घ्या, सर्वांत लहान आहे, सोळाच अध्याय. रोज एकच प्रसंग, मोठ्याने. मुक्याने वाचताना थकलेले डोळे पुढे पळतात. आवाजाला पळता येत नाही. मराठी कानाला ओवी जवळची वाटत असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मिळवा. ते १६१६ साली इथेच, साष्टीतल्या रायतूरला छापले गेले, आणि इथल्या नवख्रिस्ती लोकांना ख्रिस्ताची कथा त्यांच्या ओळखीच्या छंदात मिळावी म्हणून रचले गेले. भाषा जुनी आहे, सगळे कळणार नाही. पाच ओव्या सुरात म्हणा, पुरे.

देवाला खरे बोला

कोरड्या काळात लोक प्रार्थनेत सौजन्य पाळतात. आत राग, शंका, थकवा असतो आणि तोंडाने स्तुती चालू असते. अशी प्रार्थना लवकर मरते. स्तोत्रकर्त्यांनी असे केले नाही. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचे आहे आणि पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. त्याची बांधणी नमुना म्हणून घ्या. आधी तक्रार: काय होते आहे, किती दिवस. मग मागणे: मला नेमके काय हवे. शेवटी भरवसा: पूर्वी देवाने माझ्यासाठी केलेली एक गोष्ट. प्रत्येक भागाला दोन-तीन वाक्ये, स्वतःच्या शब्दांत, वहीत. भरवशाचे वाक्य सुचत नसेल तर खोटे लिहू नका. स्तोत्र ८८ वाचा: ते अंधारातच संपते, शेवटी दिलाशाचा शब्दही नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. कारण ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत देवाशीच बोलते.

शंका असतील तर मार्क ९:२४ मधल्या बापाचे वाक्य घ्या: ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा.’ येशूने त्याला परत पाठवले नाही. मुलाला बरे केले.

रविवार सांभाळा

बाकी सगळे ढिले पडले तरी रविवारची मिस्सा धरून ठेवा. शनिवारच्या संध्याकाळची मिस्साही रविवारचे कर्तव्य पूर्ण करते, त्यामुळे हॉटेल, इस्पितळ, विमानतळ इथे काम करणाऱ्यांनी आपल्या आणि आजूबाजूच्या इगर्जींच्या वेळा लिहून फ्रिजवर लावाव्यात. दर आठवड्याला शोधाशोध करावी लागली की थकलेला माणूस जात नाही. मालक सोडतच नसेल, किंवा घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर न जाणे हे पाप नव्हे. फादरांना एकदा सांगून मोकळे व्हा आणि त्या दिवशीचे शुभवर्तमान घरी वाचा.

मराठी भाषकांची गोव्यात आणखी एक अडचण असते, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. इथल्या मिस्सा बहुतेक कोंकणीत किंवा इंग्रजीत होतात, गीतांची पुस्तकेही रोमी लिपीत. वर्षानुवर्षे राहूनही अर्धे शब्द अंगावरून जातात, आणि ताजेतवाने असताना हे चालून जाते, पण थकल्यावर माणूस भिंतीकडे बघत बसतो. उपाय सोपा आहे. शनिवारी रात्री दहा मिनिटे काढून दुसऱ्या दिवशीची वाचने मराठी बायबलमध्ये वाचा: पहिले वाचन, स्तोत्र, दुसरे वाचन, शुभवर्तमान. एक शब्द किंवा ओळ निवडून चिठ्ठीवर लिहा आणि ती खिशात ठेवा. मिस्सेत तोच प्रसंग कोंकणीत कानावर पडेल तेव्हा तो ओळखीचा असेल. पुढच्या तीन बाकांपैकी एकावर बसा. मागे दाराशी उभे राहणाऱ्याचे लक्ष पार्किंगमध्ये असते.

कोरडे वाटते म्हणून ख्रिस्तशरीर घ्यायचे थांबवू नका. गंभीर पाप मनावर असेल तर आधी पापनिवेदन करावे लागते. भावना नसणे हे पाप नाही. भूक मेलेल्या आजाऱ्यालाही पेज भरवतातच.

फादरांशी नेमके काय बोलायचे

पापनिवेदनाला बराच काळ गेला नसाल तर लाज वाटते, विशेषतः गावचे फादर रोज भेटत असतात तेव्हा. दुसऱ्या गावी जा. जुने गोवे, पिलार अशा ठिकाणी बाहेरून येणारे भाविक नेहमीचेच असतात, तिथे तुम्हाला कोणी ओळखणार नाही. सुरुवात विसरला असाल तर तसेच सांगा: ‘फादर, मला फार वर्षे झाली, कसे करायचे ते आठवत नाही. मदत करा.’ एवढे म्हटले की पुढचे ते सांभाळतात. मराठीत बोलले तरी बहुतेक फादरांना समजते.

पापे आणि थकवा यांची सरमिसळ करू नका. ‘मला प्रार्थनेत काही वाटत नाही’ हे पाप म्हणून कबूल करण्याची गोष्ट नाही. त्यासाठी वेगळी वेळ मागा: ‘फादर, मला तुमच्याशी अर्धा तास बोलायचे आहे. पापनिवेदन नव्हे, सल्ला हवा आहे.’ जाताना तीन गोष्टी लिहून न्या: हे केव्हापासून आहे, सध्या मी प्रार्थना किती आणि कशी करतो, आणि मला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते. तिसरी गोष्ट सांगायला जड जाते, पण गाठ तिथेच असते. इग्नेशियस यांनी सावध केले आहे की मोहाला गुप्तता आवडते. सांगून टाकले की त्याचा अर्धा जोर जातो. पहिल्या फादरांशी सूर जुळला नाही तर दुसऱ्यांना भेटा, पण चार जणांचे चार सल्ले एकाच वेळी पाळायला जाऊ नका.

इतरांच्या विश्वासावर काही काळ जगा

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणूस येशूपर्यंत स्वतः चालत जात नाही. चौघे जण त्याला उचलून नेतात, छप्पर उसकटतात आणि खाट खाली सोडतात. येशू ‘त्यांचा विश्वास’ पाहतो असे तिथे लिहिले आहे. तेव्हा तुमची खाट उचलतील अशी दोन माणसे निवडा. जास्त नकोत. त्यांना स्पष्ट काम द्या: ‘पुढचे सहा आठवडे माझ्यासाठी तू रोज एक नमो मरिया म्हण, मला सध्या जमत नाही. आणि शुक्रवारी फोन करून मी जेवलो का, झोपलो का एवढेच विचार.’ ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ असे मोघम म्हटले तर समोरचा ‘हो’ म्हणतो आणि विसरतो.

गावच्या खुरसाजवळ (क्रूसाजवळ) लादायिन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, असेल, किंवा सायबीण, म्हणजे घरोघरी फिरणारी मरियामातेची मूर्ती, वाड्यावरच्या घरी येणार असेल, तर मागच्या बाजूला का होईना जाऊन उभे राहा. गाऊ नका वाटल्यास. तिथे प्रार्थना वाडा करत असतो, तुम्ही नुसते त्यात असता. थकलेल्या माणसाला एकांतातल्या ध्यानापेक्षा हे जास्त झेपते.

सहा आठवड्यांनी वही उघडा

रोज रात्री एकच ओळ लिहा: झोप किती, प्रार्थना झाली की नाही, मन कसे (कोरडे, मध्यम, बरे). सहा आठवडे मागे वळून पाहू नका. रोज नाडी पाहणारा आजारी जास्तच घाबरतो. सहा आठवड्यांनी वाचा. बऱ्याचदा नमुना दिसतो: कोरडे दिवस कमी झोपेच्या मागोमाग येतात, किंवा ठरावीक माणसाशी झालेल्या भांडणानंतर. तसे असेल तर तिथेच दुरुस्ती करा. बरे वाटल्याच्या नोंदी वेगळ्या पानावर उतरवा, पुढच्या कोरड्या काळात त्या कामी येतील. आणि प्रार्थनेची वेळ हळूच वाढवा, दर पंधरवड्याला पाच मिनिटे, त्याहून भरभर नको.

नमुना दिसला नाही, झोप-जेवण-आरोग्य सगळे ठीक आहे आणि कोरडेपणा महिनोन् महिने तसाच आहे, तर सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत योहान ऑफ द क्रॉस यांनी सांगितलेल्या तीन खुणा तपासा. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण जगाच्या गोष्टींतही नाही. आपण देवाची सेवा करत नाही, मागे पडलो, अशी काळजी मनाला लागून राहिली आहे. आणि पूर्वीसारखे प्रसंग डोळ्यांपुढे आणून ध्यान करता येत नाही, कितीही प्रयत्न केला तरी. तिन्ही एकत्र असतील तर त्यांच्या मते हा बिघाड नसून देव प्रार्थना बदलतो आहे याचे चिन्ह आहे. दुसरी खूण विशेष महत्त्वाची: जो खरोखर थंड झाला त्याला थंड झाल्याची चिंता नसते. अशा वेळी ध्यानाचा आटापिटा सोडून द्या, साक्रामेंतापुढे (चर्चमध्ये ठेवलेल्या ख्रिस्तशरीरापुढे) नुसते बसा, काही न मागता. आणि अनुभवी मार्गदर्शकाशिवाय पुढे जाऊ नका.

हा काळ किती लांबेल हे कोणालाच सांगता येत नाही. मदर तेरेसांच्या बाबतीत तो कित्येक दशके टिकला, हे त्यांच्या पत्रांवरून जगाला कळले. त्या सगळ्या वर्षांत त्यांचा रोजचा क्रम चुकला नव्हता. आपल्या बाणावलीचे संत जोसेफ वाझ १६८७ साली वेष पालटून श्रीलंकेत गेले आणि तिथे सुमारे नऊ वर्षे एकटेच धर्मगुरू म्हणून राबले. कॅंडीला हेर समजून त्यांना कैदेत टाकले, तर त्यांनी त्याच कैदेत सिंहली भाषा शिकायला घेतली. त्याआधी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, सांकवाळला त्यांनी स्वतःला मरियेचा दास म्हणून वाहून घेतल्याचे पत्र लिहून ठेवले होते. त्यातून घेण्यासारखी गोष्ट अगदी हाताशी आहे. बरे वाटेल त्या दिवशी आपणही चार ओळींचे वचनपत्र लिहावे: मी रोज एवढे करीन, रविवारी हे सोडणार नाही, खचलो तर या व्यक्तीला फोन करीन. खाली तारीख आणि सही. ते बायबलमध्ये ठेवावे. वाईट दिवशी नव्याने काही ठरवावे लागत नाही, लिहिलेले वाचून तेवढे करायचे.

नेहमी कुठे चुकते

सर्वांत जास्त नुकसान मोबाइल करतो. रात्री एकामागून एक उपदेशांचे व्हिडिओ पाहून तात्पुरते पेटल्यासारखे वाटते, दुसऱ्या दिवशी आणखी रिते. प्रार्थनेच्या दहा मिनिटांऐवजी उपदेशाचा तासभर हा सौदा करू नका. कोणी पैसे पाठवा, तेल मागवा, अमुक वाक्य इतक्यांना पाठवा म्हणजे आशीर्वाद मिळेल असे सांगू लागला तर तिथून उठा.

देवाकडे खूण मागत बसू नका. ‘आज पाऊस थांबला तर तू आहेस’ अशा अटी थकलेले मन घालते आणि मग त्यांतच गुरफटते.

जुन्या अनुभवाचा पाठलागही टाळा. पूर्वी एखाद्या शिबिरात रडू आले होते म्हणून पुन्हा पुन्हा शिबिरे करणाऱ्यांना ते रडू परत मिळतेच असे नाही. जायचेच तर पाच दिवसांच्या शिबिराआधी एकच दिवस शांततेचा घ्या, बाग्याच्या किंवा पिलारच्या साधनागृहात, मोबाइल बंद ठेवून. त्या दिवशी झोप आली तर झोपा.

आणि ज्यांना प्रत्येक गोष्टीत पाप दिसते, एकच पाप चार वेळा कबूल करावेसे वाटते, त्यांनी आत्मपरीक्षण तूर्त बंद करून एकाच फादरांचे ऐकावे. त्यांच्या बाबतीत जास्त प्रयत्न म्हणजे जास्त त्रास.

घरच्यांनी काय करावे

नवरा किंवा बायको, आई, मोठा मुलगा, कोणीही असे थकले असेल तर ‘तू पूर्वी किती प्रार्थना करायचीस’ हे वाक्य बोलू नका. त्यांना ते रोज स्वतःच ऐकू येत असते. संध्याकाळची जपमाळ चालू ठेवा, त्यांना हाक मारा, आली तर ठीक, नाही आली तर दार उघडे ठेवून शेजारच्या खोलीत आवाज जाईल अशा बेताने म्हणा. शनिवारची वाचने तुम्ही मोठ्याने वाचा. मिस्सेला निघताना चप्पल घालून ‘येतेस ना?’ एवढेच विचारा, नाही म्हटले तर वाद न घालता जा आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. त्यांच्या वाटचे घरकाम आठवड्यातून दोन दिवस उचला, म्हणजे झोपेचे ते सात तास खरोखर मिळतील. आणि दोन आठवडे जेवण तुटलेले, झोप उडालेली दिसली तर सोबत बसून डॉक्टरांची वेळ घ्या, त्यांच्यावर सोडू नका.